जर्नल, दिवस आणि जेम्स मरे

जर्नल म्हटलं की आपल्याला फक्त सबमिशन आठवतं. पण या शब्दाची वंशावळ बघा. इंग्रजीने तो जुन्या फ्रेंचमधून उचलला. फ्रेंचमध्ये तो आला लॅटिनच्या 'दिउर्नालिस'वरून, म्हणजे 'रोजचा'. त्याच्या मागे लॅटिन 'दिएस', म्हणजे दिवस. आणि हा 'दिएस' व आपला 'दिवस' एकाच प्राचीन मुळातून फुटलेले! इतकी वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढूनही मला हे नातं ठाऊक नव्हतं.

इंग्रजीतल्या लाखो शब्दांची अशी कुंडली मांडण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, ते जेम्स मरे. जन्म १८३७, स्कॉटलंडमधल्या डेनम गावात. वडील शिंपी. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पण शिकणं सुटलं नाही. एकामागून एक भाषा स्वतःच शिकले. लंडनला येऊन बँकेत कारकुनी केली, मग शाळामास्तर झाले.

१८७९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने इंग्रजीच्या नव्या शब्दकोशाचं काम त्यांच्यावर सोपवलं. मुदत १० वर्षं. मरेंनी त्यासाठी पत्र्याची एक शेड उभारली. शेकडो वाचक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवायचे. मरेंची मुलंसुद्धा खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या लावत बसायची. शब्द सर्वांत आधी कुठे सापडतो, कोणत्या भाषेतून आला, अर्थ कधी बदलला, सगळ्याला पुरावा हवा. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी रीडिंग्ज, मग कन्क्लूजन!

पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला. त्यात 'ए'सुद्धा पूर्ण नव्हता. गाडी 'अँट'पर्यंतच पोचली होती. प्रेसकडून घाई व्हायची, खर्चावरून कटकट व्हायची, पण मरेंनी पुराव्याच्या बाबतीत तडजोड केली नाही. पुढे मदतीला आणखी संपादक आले, तरी जवळजवळ निम्मा कोश मरेंच्याच हातचा. 'जे' हे अक्षरही त्यांनीच केलं, म्हणजे आपला जर्नल त्यांच्याच टेबलावरून गेला!

१९१५ मध्ये ते गेले, तेव्हा 'टी'चं काम चालू होतं. कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये. शब्द ४,१४,८२५. मरेंना तो पूर्ण झालेला बघता आला नाही.

मित्रांनो, मित्राची वही समोर ठेवली की जर्नल एका रात्रीत पूर्ण होतं. पण 'जर्नल' या एका शब्दाचं मूळ मरेंना तसं उतरवून घेता आलं नसतं. त्यांची डेडलाइन ३९ वर्षांनी चुकली, तरी काम आजही खणखणीत आहे.