विश्लेषण : तळ्यातील ऊर्जेचा हिशेब, फेटाळलेला शोधनिबंध आणि २६ वर्षांचे आयुष्य… कोण होते रेमंड लिंडमन?

गवत, नाकतोडा, बेडूक, साप. शाळेत ही अन्नसाखळी शिकताना ‘दहा टक्के नियम’ही पाठ केला जातो. प्रत्येक पायरीवर जेमतेम १० टक्के ऊर्जा पुढे जाते, असा तो नियम. तो ज्यांच्या नावावर सांगितला जातो, ते अमेरिकी संशोधक रेमंड लिंडमन वयाच्या २६ व्या वर्षी गेले. ज्या शोधनिबंधाने त्यांचे नाव राहिले, तो छापून येण्याआधीच.

गाळाने भरत आलेले तळे

२४ जुलै १९१५ रोजी मिनेसोटा राज्यातील एका शेतकरी कुटुंबात लिंडमन यांचा जन्म झाला. मिनेसोटा विद्यापीठात पीएचडीसाठी त्यांनी सीडर बॉग नावाचे छोटे तळे निवडले. खोली जेमतेम एक मीटर आणि तळाशी गाळच गाळ. दिसायला अगदी साधे, पण सगळे जीव मोजता येतील असे. पाच वर्षे ते पाणी आणि गाळाचे नमुने घेत राहिले. पत्नी एलिनॉर या कामात सोबत होत्या.

तळ्यात कोण कोणाला खातो, हे आधीचे अभ्यासकही नोंदवत होतेच. लिंडमन यांनी वनस्पती, किडे, मासे या सगळ्यांना एकाच एककात आणले : कॅलरी. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर दिलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. आत किती ऊर्जा आली, बाहेर किती गेली, वाटेत किती उष्णता झाली, एवढेच विचारायचे.

उत्तर चकित करणारे होते. तळ्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला सुमारे १,१८,८७२ कॅलरी सूर्यप्रकाश पडत होता. वनस्पतींनी त्यातून धरल्या फक्त १११ च्या आसपास, म्हणजे हजारातला एक भाग. त्यातलाही बराचसा वनस्पतींच्या श्वसनात खर्च होतो, काही भाग न खाताच कुजतो. उरलेल्यावर शाकाहारी जीव आणि त्यांच्यावर मांसाहारी.

त्यांच्या आकृतीच्या मध्यभागी मासा किंवा शेवाळ नाही, चिखल आहे. मेलेले सारे तिथे जमते, जिवाणू ते कुजवतात आणि पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात येऊन वनस्पतींना मिळतात. पदार्थ असा फिरत राहतो. ऊर्जा मात्र एकदा उष्णता होऊन गेली की त्या जिवांच्या कामी परत येत नाही. म्हणून सूर्याची रोजची भर लागतेच.

निबंध का फेटाळला गेला?

१९४१ मध्ये लिंडमन येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले. तिथे त्यांनी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठवलेला निबंध चान्सी जुडे आणि पॉल वेल्च या दोन परीक्षकांनी नाकारला. दोघेही तळ्यांच्या अभ्यासातील मोठी नावे. आक्षेप असा, की सिद्धांत फार आणि आकडे कमी. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर सर्व तळ्यांविषयी बोलू नये. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. गंमत म्हणजे लिंडमन यांनी तुलनेसाठी मेंडोटा सरोवराचे जे आकडे वापरले, ते जुडे यांचेच होते.

हचिन्सन यांनी संपादक थॉमस पार्क यांना पत्र लिहून बाजू मांडली. लिंडमन यांनी निबंध दुरुस्त केला आणि परीक्षकांचे मत बाजूला ठेवून पार्क यांनी तो स्वीकारला. तोवर लिंडमन यांचा यकृताचा आजार बळावला होता. २९ जून १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. निबंध ऑक्टोबर १९४२ च्या अंकात आला, सोबत हचिन्सन यांची श्रद्धांजलीपर टीप.

मग १० टक्के आले कुठून?

सीडर बॉगमध्ये १० हा आकडा आलाच नव्हता. वनस्पतींकडून शाकाहारींकडे १३.३ टक्के आणि त्यांच्याकडून मांसाहारींकडे २२.३ टक्के, अशी त्यांची नोंद होती. मेंडोटात हेच प्रमाण ८.७ आणि ५.५ टक्के निघाले. प्रत्येक तळ्याचे गणित वेगळे. पुढे पाठ्यपुस्तकांनी सोयीसाठी १० हा गोल आकडा धरला आणि तोच लिंडमन यांच्या नावावर रूढ झाला.