उषःकालकर्ते हरिभाऊ

पुण्याच्या पूर्वेस सुपे, बारामती आणि त्यापलीकडे इंदापूर हा मुलूख आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत धारातीर्थी पडले. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे व इंदापूर हे परगणेही होते. पातशाही अमलाखाली दबलेल्या अशा मुलखांत स्वराज्याची पहिली कुजबुज कशी झाली असेल, हे हरि नारायण आपटे यांनी ‘उषःकाल’ या कादंबरीत रंगवले आहे.

हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. शिक्षण पुण्यास झाले. गणिताशी त्यांचे कधी जमले नाही, त्यामुळे पदवी हाती आली नाही. वाचन मात्र अफाट होते. आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतरावर त्यांनी विद्यार्थिदशेतच 72 पृष्ठांची टीका लिहिली! पुढे चुलत्यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांजकडे आली, आणि जुन्या संस्कृत पोथ्यांच्या सहवासात त्यांचे दिवस जाऊ लागले.

1890 साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. त्यातच 1895 ते 1897 या काळात ‘उषःकाल’ क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाली. गुप्त वाटा, वेषांतरे, ओळख लपवून वावरणारी माणसे यांनी ती भरलेली आहे. परंतु हरिभाऊंस घाई अशी ठाऊकच नव्हती. एखाद्या पात्राच्या मनातील घालमेल सांगावयास ते पाने खर्ची घालीत, मध्येच वाचकाशी बोलू लागत, आणि रहस्याची गाठ तशीच ठेवून प्रकरण संपवीत. मग पुढचा अंक येईपर्यंत वाचकाने तर्क करीत बसावे! उतावळ्या माणसास हा पाल्हाळ वाटेल, आणि काही ठिकाणी तो आहेही. तथापि आठवडाभर मनात घोळलेली माणसे सहजी विसरली जात नाहीत.

या रीतीत धोकाही होता. शेवट लिहून होण्यापूर्वीच आरंभ छापला जाई. नगरपालिकेचे काम, आनंदाश्रम आणि साप्ताहिक यांचा भार एकाच माणसावर होता. विजयनगरच्या नाशावरील ‘वज्राघात’ त्यांनी तडीस नेली. ‘सूर्यग्रहण’ मात्र अपुरीच राहिली. 3 मार्च 1919 रोजी हरिभाऊ पुण्यास निवर्तले, आणि त्या कथेचा शेवट वाचकांस कधी कळलाच नाही.