महादजी शिंदे

महादजी शिंदे (जन्म: सुमारे इ.स. १७३०, मृत्यू: १२ फेब्रुवारी १७९४, वानवडी, पुणे) हे मराठेशाहीच्या उत्तरार्धातील सेनानी व मुत्सद्दी होते. पारंपरिक घोडदळाच्या जोडीला पाश्चात्त्य धर्तीच्या कवायती पलटणी उभारणारे सरदार म्हणून ते विशेष प्रसिद्ध आहेत.

पूर्वायुष्य

महादजी हे राणोजी शिंदे यांचे पुत्र. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या लढाईत त्यांच्या पायाला गंभीर जखम होऊन कायमचे अधूपण आले. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांचे प्राण वाचवले. १७७२ मध्ये बादशहा दुसरा शाहआलम याला दिल्लीच्या गादीवर पुन्हा बसवण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता.

कवायती फौज

मराठी घोडदळाचे बळ वेगात आणि स्वारांच्या वैयक्तिक शौर्यात होते. परंतु स्वारांची निष्ठा मुख्यतः आपापल्या सरदाराशी असे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात (१७७५–१७८२) महादजींना कंपनीच्या शिस्तबद्ध पायदळाचा प्रत्यक्ष अनुभव आला. १७८४ मध्ये त्यांनी सव्हॉयचा अधिकारी बेन्वा डी बॉईन याला नोकरीत घेऊन दोन पलटणी उभारल्या.

१७८७ च्या लालसोटच्या मोहिमेत बादशाही तुकड्या शत्रूला जाऊन मिळाल्या, तरी या पलटणींनी राठोड घोडदळाचा हल्ला परतवला. १७९० मध्ये पाटण व मेडता येथील विजयांत त्यांचाच मोठा वाटा होता. रोजची कवायत, नियमित पगार आणि आग्र्याच्या कारखान्यात ओतलेल्या तोफा हे या फौजेचे आधार होते. पगारासाठी दुआबातील परगणे तोडून दिले होते.

मृत्यू व वारसा

महादजींनंतर दौलतराव शिंदे गादीवर आले. १७९५ मध्ये डी बॉईननेही नोकरी सोडली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे या फौजेची आर्थर वेलस्ली याच्या सैन्याशी गाठ पडली. तत्पूर्वी कंपनीच्या आवाहनावरून शिंद्यांचे अनेक युरोपीय अधिकारी नोकरी सोडून गेले होते. तरीही गोलंदाज अखेरपर्यंत तोफांपाशी लढले. कंपनीचे मृत व जखमी मिळून दीड हजारांहून अधिक सैनिक कामी आले. मात्र विजय कंपनीचाच झाला. शिपायांत शिस्त रुजली होती, पण त्यांचे नेतृत्व करणारा एतद्देशीय अधिकारीवर्ग पुरेसा घडला नव्हता, ही या फौजेची मोठी उणीव ठरली.

वानवडी येथील शिंदे छत्री हे महादजींचे स्मारक आहे.