ओलोकुनचे शीर्ष आणि लिओ फ्रोबेनियस

प्रशियन लष्करी अधिकाऱ्याच्या घरात २९ जून १८७३ रोजी बर्लिन येथे जन्मलेल्या लिओ फ्रोबेनियस यांच्या पाठीशी विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. संग्रहालयांतील उमेदवारी आणि अफाट वाचन यांच्या बळावर ते मानववंशशास्त्राकडे वळले. १९०४ साली काँगोच्या कसाई प्रदेशात त्यांची पहिली मोहीम निघाली. पुढील तीन दशके लोककथा, शैलचित्रे आणि कलावस्तू गोळा करत ते आफ्रिका खंड पालथा घालत राहिले.

१९१० च्या अखेरीस ते आजच्या नायजेरियातील इफे या योरुबांच्या पवित्र नगरीत पोहोचले. तेथे समुद्रदेवता ओलोकुनच्या राईत त्यांना मुकुटधारी धातूचे एक शीर्ष दिसले. त्याचा शांत, जिवंत चेहरा पाहून ते थक्क झाले. मात्र ही कारागिरी स्थानिकांची असेल, हे त्यांना पटेना. तिचे मूळ त्यांनी सागरात बुडालेल्या अटलांटिसशी जोडले. अल्प मोबदला देऊन शीर्ष ताब्यात घेण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. इफेच्या लोकांनी तक्रार केली, ब्रिटिश अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि शीर्ष परत करावे लागले. मातीची काही शिल्पे मात्र बर्लिनला गेली.

१९२० साली त्यांनी म्युनिकमध्ये स्थापलेली संशोधन संस्था १९२५ मध्ये फ्रँकफुर्टला हलली. ९ ऑगस्ट १९३८ रोजी इटलीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इफेतील वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना तशाच धाटणीची अनेक शीर्षे सापडू लागली. एवढी शिल्पे एकाच ठिकाणी निघाल्यावर अटलांटिसची कल्पना निराधार ठरली. हे वैभव इफेच्याच कारागिरांचे होते. बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यानची ही शिल्पे रूढार्थाने कांस्य म्हणून ओळखली जात असली, तरी बहुतेक पितळेची किंवा तांब्याची आहेत.

फ्रोबेनियस यांच्यावरील संशय मात्र पुढे वेगळेच वळण घेणार होता. इफेत राहिलेले ओलोकुनचे शीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तपासण्यात आले. १९४९ साली तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला की इतर शीर्षे मेणाच्या साच्यातून घडवलेली असून हे वाळूच्या साच्यात ओतलेले, म्हणजेच अलीकडची नक्कल आहे. मग अस्सल शीर्ष गेले कुठे? साहजिकच बोट फ्रोबेनियस यांच्याकडे वळले. उत्तर द्यायला ते हयात नव्हते.

हा ठपका सहा दशके टिकला. २०१० मध्ये इफेच्या कलाकृतींचे प्रदर्शन लंडनमध्ये भरले, तेव्हा शीर्षाची पुन्हा शास्त्रीय तपासणी झाली. ते मेणाच्या साच्यातूनच घडवलेले असून त्याचा धातू इफेच्या इतर शीर्षांशी जुळतो, असे आढळले. परत केलेले शीर्ष अस्सलच होते.

नकलेच्या आरोपातून फ्रोबेनियस असे सुटले. इफेच्या कारागिरांचे श्रेय त्यांनी काल्पनिक खंडाला बहाल केले, ही चूक मात्र त्यांच्या नावावर कायम राहिली. तरीही आफ्रिकी संस्कृतीची थोरवी युरोपला ठणकावून सांगणाऱ्या त्यांच्या ग्रंथांचे ऋण सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष, कवी लिओपोल्ड सेंघोर यांनी आयुष्यभर मानले.