माता रमाई आणि राहिलेली पंढरी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यागमूर्ती माता रमाई यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असं मनात आलं. मी गिरणीत काम करणारा माणूस. शाळा थोडी झाली, बाकी वाचून वाचून शिकलो. तेव्हा भाषेकडे न पाहता भावनेकडे पाहावं ही विनंती.

रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आई रुक्मिणी. लहानपणीच आईबापाचं छत्र गेलं आणि पोरकी भावंडं मुंबईला नातेवाइकांकडे आली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा धंदा उठल्यावर रात्री, त्यांचं लग्न भीमरावांशी लागलं. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरदेव मॅट्रिकही न झालेला. मांडव नाही, वाजंत्री नाही.

पुढे संसार झाला तो परळच्या बी. आय. टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत. आमच्या मुळशी खोऱ्यातली कितीतरी माणसं पोटासाठी त्याच मुंबईत गेली, म्हणून ती खोली आपल्याला वेगळी सांगावी लागत नाही. बाबासाहेब १९१३ ला अमेरिकेला गेले, १९१७ ला परत आले. १९२० ला पुन्हा लंडनला गेले ते १९२३ ला आले. ही सगळी वर्षं रमाईंनी अर्ध्या भाकरीवर घर ओढलं. पाच लेकरं झाली, जगला एकटा यशवंत. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. एवढी दुःखं पचवलेल्या बाईला देवाधर्माचा आधार वाटला यात नवल काय? त्या उपासतापास करायच्या. आणि मनात एकच मोठी इच्छा होती, एकदा पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचं दर्शन घ्यायचं.

आपला पुणे जिल्हा म्हणजे देहू-आळंदीचा जिल्हा. पालखी निघाली की म्हाताऱ्या बायांचे पाय घरात ठरत नाहीत. रमाईंचं मन तसंच होतं. त्यांनी किती मागितलं आयुष्यात? सोनं नाही, लुगडं नाही. एक पंढरीची वाट मागितली.

पण त्या काळी पंढरपुरात अस्पृश्यांना देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे, तिथवरच जायचं आणि बाहेरून हात जोडून मागं फिरायचं. जिवंतपणी चोखोबांना जे भोगावं लागलं तेच सहाशे वर्षांनी त्यांच्या लेकरांना. बाबासाहेबांनी महाडला पाण्यासाठी आणि नाशिकला काळाराम मंदिरासाठी हजारो माणसं उभी केली होती. त्यांची पत्नी पंढरपूरच्या दाराबाहेर उभी राहणार, हे त्यांना कसं चालेल? त्यांनी रमाईंना समजावलं. जो देव भक्तालाच दूर ठेवतो त्याच्या गावाला कशाला जायचं, आपण आपल्या सेवेनं दलितांसाठी दुसरी पंढरी उभी करू, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

रमाई गेल्या नाहीत. मला वाटतं, इथं आपण जरा थांबलं पाहिजे. तत्त्व मांडणं अवघड असतं, पण ते तत्त्व ज्याच्या इच्छेवरून जातं त्याचं ओझं जास्त असतं. बाबासाहेबांची विठ्ठलावर भिस्त नव्हती, रमाईंची होती. म्हणजे खरं सोडलं ते रमाईंनी. समाजाची मान खाली जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्या मनातली एकुलती यात्रा मनातच ठेवली. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांनी देह ठेवला. पंढरी राहिली ती राहिलीच.

त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. १९४० साली निघालेला पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी आपल्या रामूला अर्पण केला. १९४७ साली साने गुरुजींना पंढरपूरच्या दारासाठी उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा ते दार उघडलं. रमाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दुसरी वाट खुली झाली. त्या दीक्षाभूमीवर आज लाखो लोक जातात, तिथं कुणी कुणाला जात विचारत नाही.

आपल्या कितीतरी घरांत अजून एखादी आजी असते, तिच्या तोंडात अभंग असतो. नातवंडं तिच्यावर खेकसतात, आता आपण बौद्ध झालो म्हणून. बाबांनो, खेकसून धम्म येत नाही. बाबासाहेबांनी समजावून सांगितलं तसं सांगा, आणि त्या आजीनं काय सोडलंय याची आधी जाण ठेवा. तिला हाताला धरून विहारात आणा, पुढं बसवा. बाहेर उभं राहावं लागणार नाही अशी जागा तिला मिळाली, तर आपला हा वर्धापनदिन सार्थकी लागला असं मी समजेन.

माता रमाईंना विनम्र अभिवादन. जय भीम! नमो बुद्धाय!