पाइपच्या आट्यांना शिस्त लावणारा जोसेफ व्हिटवर्थ

टाइप-सी आल्यापासून कुणाचीही केबल कुणाच्याही फोनला चालते. पाण्याच्या पाइपला ही सोय फार आधीपासून आहे. आमच्या अनसिंगच्या दुकानातून बाहेरून आटे असलेला एक इंची एमटीए घ्या, वाशिमहून आणलेल्या एफटीएमध्ये तो सरळ फिरतो. याचं मूळ जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराच्या कामात आहे.

व्हिटवर्थ 1803 मध्ये स्टॉकपोर्टला जन्मला. पोरवयातच सूतगिरणीत लागला, पण जीव रमला तो मशीनमध्ये. पुढे लंडनला हेन्री मॉडस्लेसारख्या नामी कारागिराकडे शिकला. लोखंडाची पाटी अगदी सपाट कशी करायची, याची पद्धत त्याने पक्की बसवली. तीन पाट्या घ्यायच्या, आळीपाळीने एकमेकींवर टेकवायच्या, उंचवटा दिसेल तिथे खरवडायचं. दोनच घेतल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर असूनही जुळतात. तिसरी ती चोरी पकडते. मला तर त्याचं हेच काम सगळ्यात भारी वाटतं.

1833 मध्ये त्याने मँचेस्टरला स्वतःचं वर्कशॉप काढलं. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे स्क्रू गोळा केले, मोजले, सरासरी काढली आणि 1841 मध्ये लंडनच्या इंजिनिअरांपुढे प्रस्ताव ठेवला: आट्याचा कोन सगळीकडे 55 अंश, आणि कुठल्या जाडीला एका इंचात किती आटे तेही ठरलेलं. रेल्वेवाल्यांनी तो उचलला. नंतर त्याने बंदुका, तोफाही बनवल्या, 1868 मध्ये तरुण इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. 1887 मध्ये तो वारला.

पाइपचे आटेही पुढे याच 55 अंशांवर बेतले गेले आणि इंग्रजी राजवटीत आपल्याकडे आले. तेच बीएसपी. पक्ष नव्हे, ब्रिटिश स्टँडर्ड पाइप! अमेरिकेत मात्र 1864 मध्ये विल्यम सेलर्सने स्क्रूसाठी 60 अंश सुचवले, आणि तिथल्या पाइपचे आटेही 60 अंशांचेच झाले. ते एनपीटी.

गळती इथूनच सुरू होते. स्विमिंग पूलचा किंवा ठिबकचा फिल्टर अमेरिकन मापाचा आला, की अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचात 14 आटे, म्हणून फिटिंग आत जातं, पण कोन जुळत नाही आणि थेंब सुटतो. एक इंचाला इकडे 11, तिकडे साडेअकरा. काही फेऱ्यांत अडकतं. मग लोक टेफ्लॉनवर टेफ्लॉन गुंडाळतात, पान्याने आवळतात, आणि प्लॅस्टिकचा एफटीए उभा चिरतो. शेतीची लाइट ठरलेल्या तासांपुरती. तेवढ्यात पाणी फिल्टरपाशीच सांडलं, तर शेवटच्या ओळीला काय पोचणार?

आधी मोटर बंद करा, फिटिंग खोला आणि त्यावर बीएसपी लिहिलंय की एनपीटी ते बघा. वेगळे निघाले तर एका टोकाला हे, दुसऱ्याला ते असा अडॅप्टर मागवा. चिरलेला तुकडा बदलाच, वरून एम-सील थापू नका. जुना टेप साफ काढा. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून नवा टेप घड्याळाच्या दिशेने तीन-चार वेढे गुंडाळा. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने साधारण एक फेरी. मोटर लावून दहा मिनिटं तिथेच थांबा.