मुळशीचे सेनापती

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ मुळा आणि निळा या दोन नद्यांचा संगम होतो. पावसाळ्यात येथे पाऊस असा कोसळतो की, समोरचा डोंगर दिसेनासा होतो. या खोऱ्याला मुळशी पेटा म्हणत. येथील खाचरांत पिकणाऱ्या आंबेमोहोर भाताचा सुवास पुण्याच्या बाजारपेठेपर्यंत पोचला होता. ज्यांच्या पूर्वजांनी शिवरायांना साथ दिली, ते मावळे पिढ्यान्‌पिढ्या ही खाचरे कसत आले होते. या मावळ्यांच्या जमिनीसाठी लढता लढता पांडुरंग महादेव बापट या गृहस्थांना सेनापती ही पदवी मिळाली. ती कोणा राजाने दिली नाही. लोकांनी दिली, आणि पुढे तीच त्यांचे नाव होऊन बसली.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. परंतु बुद्धी अशी तल्लख की, शिष्यवृत्त्या त्यांच्याकडे चालत आल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये ते स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे यंत्रशास्त्र शिकावयास गेले. तेथे त्यांचा अभ्यास चालला होता तो बलांचा, गतीचा आणि ऊर्जेचा. मन मात्र मायदेशी गुंतलेले होते. हिंदुस्थानातील इंग्रजी अंमलाविरुद्ध त्यांनी तेथे जाहीर व्याख्यान दिले आणि त्यापायी शिष्यवृत्ती गमावली. पुढे लंडनला क्रांतिकारकांची संगत लाभली. पॅरिसमध्ये राहून त्यांनी बाँब तयार करण्याची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये ते स्वदेशी परतले. पुढची चार वर्षे अज्ञातवासात गेली. नंतर अटक झाली, तुरुंगही घडला. सुटून पारनेरास आल्यावर या विलायत पाहून आलेल्या पदवीधराने हाती झाडू घेतला आणि गावचे रस्ते झाडू लागला. मुलाच्या बारशाची पहिली पंगत त्यांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसवली. गावाला हे रुचले असेल असे नाही.

इकडे मुंबईतील कापडाच्या गिरण्यांना विजेची भूक लागली होती. टाटांच्या कंपनीने सह्याद्रीच्या पावसावर वीज निर्माण करण्याचे काम हाती घेतले होते. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले होते, भिवपुरीचे काम चालू होते, आणि आता मुळशीची पाळी आली. ही योजना नीट समजण्यासाठी पदार्थविज्ञानातील एक साधे उदाहरण पाटीवर मांडून पाहावे.

मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे वाहते. पुण्यात ते मुठेला भेटते, भीमेतून कृष्णेत जाते आणि अखेर बंगालच्या उपसागरास मिळते. मुळशीपासून पुण्यापर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरांच्या वाटेत हे पाणी फार थोडे उतरते. उलट पश्चिमेला, डोंगराची कड ओलांडली की, कोकणची भूमी सुमारे ५०० मीटर खाली आहे. ज्या राशीला परिमाणाबरोबर दिशाही असते, तिला सदिश राशी म्हणतात. सदिश राशीत दिशा बदलली की सारेच बदलते, आणि मुळशीच्या योजनेचे सगळे मर्म दिशा बदलण्यातच होते. पूर्वेकडे निघालेले पाणी धरणाने अडवायचे, बोगद्यातून पश्चिमेकडे वळवायचे आणि नळांतून कड्याखाली सोडायचे, अशी ती कल्पना होती.

आता ऊर्जा पाहू. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम. गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंची ५०० मीटर. या तिन्ही संख्यांचा गुणाकार केला म्हणजे ४९ लक्ष ज्यूल एवढी स्थितिज ऊर्जा निघते. आपल्या घरातील विजेच्या मापकावरील एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. तेव्हा दर घनमीटर पाण्यात, यंत्रांतील तूट सोडून दिली तर, सुमारे १.३६ युनिट वीज दडलेली असते. हे पाणी खाली येताना स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते. घर्षण नसते तर पायथ्याशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९९ मीटर भरला असता. नळ सरळ असो वा वाकडा, उताराची लांबी कमी असो वा अधिक, उत्तर बदलत नाही. उंचीतील अंतर तेवढे विचारात घ्यावे लागते. गणित इतके सोपे आहे की, ते चुकण्यास जागाच नाही. मुळशीचा डोंगर जणू या उदाहरणासाठीच उभा होता, असे एखाद्या स्थापत्यज्ञास वाटले तर त्यात नवल नाही.

परंतु या उदाहरणात एक गोष्ट कोठेच मांडलेली नव्हती. पाणी अडवले म्हणजे ते मागे पसरते, आणि जेथे पसरते तेथे गावे होती. पन्नासच्या आसपास गावे, त्यांची देवळे, खाचरे, आंब्याची झाडे आणि हजारो माणसे या हिशेबाच्या बाहेर राहिली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने जमिनी कंपनीस मिळवून दिल्या. शेतकऱ्याची संमती विचारण्याची त्यात तरतूदच नव्हती. शिवाय पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. भरपाईची रक्कम हाती आली की सावकाराचे देणे फिटणार होते; कसणाऱ्याच्या पदरात काय उरणार होते, हे वेगळे सांगावयास नको.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास आरंभ झाला. मावळे आणि त्यांचे साथी धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायकाही मागे राहिल्या नाहीत. काही काळ काम थांबले, आणि मावळ्यांना वाटले की आपण जिंकलो. परंतु ते पुन्हा सुरू झाले, आणि मग अटका, दंड, तुरुंग यांची रांगच लागली. बापट या लढ्यात शिरले ते अखेरपर्यंत. यंत्रशास्त्र शिकलेला हा माणूस विजेचा वैरी नव्हता. पाण्याचे बळ किती असते हे तेथील बहुतेकांहून त्यांना अधिक ठाऊक असणार. त्यांचा झगडा होता तो माणसांना न विचारता त्यांची भूमी बुडवण्याशी. गावोगाव हिंडून, पदे रचून, सभा घेऊन त्यांनी लोकांचा धीर टिकवला आणि पुन्हा पुन्हा तुरुंगवास पत्करला.

तरीही भिंत चढत राहिली. थकलेले शेतकरी एकेक करून भरपाई घेऊ लागले, पुढारी पांगले, पुण्यातला उत्साह ओसरला. तेव्हा १९२४ मध्ये बापटांनी थोड्या साथीदारांसह शस्त्र हाती घेऊन धरणाच्या कामावरील आगगाडी अडवली. या कृत्याबद्दल त्यांच्या सहकाऱ्यांतच मतभेद झाले, आणि ते स्वाभाविक होते; शांततेच्या व्रताने सुरू झालेल्या लढ्यात ही वाट बसणारी नव्हती. बापटांनी मात्र ती डोळे उघडे ठेवून धरली होती आणि तिचे फळही त्यांनी निमूटपणे भोगले. त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. ती त्यांनी दूर सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात काढली. ते तेथे असतानाच, १९२७ मध्ये, मुळशीचे पाणी कड्याखालच्या भिरा येथील वीजघरात उतरले. तेथून ते कुंडलिका नदीवाटे अरबी समुद्रास मिळू लागले. मुंबईत दिवे लागले, गिरण्या फिरल्या. खोऱ्यातले मावळे कोणी डोंगराच्या उतारावर वर सरकले, तर कोणी पोटासाठी देशोधडीला लागले.

१९३१ मध्ये सुटल्यावरही बापट स्वस्थ बसले नाहीत. तुरुंग त्यांना पुन्हा घडला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज उभारण्याचा मान या सदुसष्टीकडे झुकलेल्या सेनापतीस मिळाला. गोव्याच्या मुक्तीसाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी झालेल्या चळवळींतही ते पुढे होते. वयाने शरीर वाकले होते, तरी सत्याग्रहींच्या तुकडीच्या अग्रभागी ते दिसत.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी, सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य पुरे करून, मुंबईत त्यांचे निधन झाले. धरणांमुळे उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. मुळशीची खाचरे पाण्याखाली जाऊन तेव्हा जवळजवळ अर्धे शतक लोटले होते.